पडदाच जेव्हा दिवा होतो

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. गाव जालना जिल्ह्यातले, अंबड तालुक्यातले. याच शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. गावकऱ्यांनी लोकवर्गणी जमवली होती आणि तीतून वर्गासाठी मोठा टीव्ही घ्यायचा होता.

"दुकानदार म्हणतो, आता ओएलईडीच घ्या, बाकी सगळं जुनं झालं. किंमत मात्र दुपटीच्या वर सांगतो. तुम्ही याच विषयात काम करता, तर तुम्हीच सांगा सर, घ्यावा का?"

"गुरुजी, दोन दिवस द्या," मी म्हणालो. प्रश्न पैशांचा वाटतो खरा, पण त्याच्या उत्तरात साठ वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो समजला म्हणजे काय घ्यावे हे तर कळतेच, शिवाय 'नवे ते चांगले' आणि 'चांगले ते खपणार' या दोन्ही समजुती तपासून पाहाव्या लागतात. गुरुजींना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहीत आहे.

रामायणाचे वर्ष

आमच्या गावात पहिला टीव्ही आला तेव्हा मी दुसरीत होतो. साल 1987. दर रविवारी सकाळी 'रामायण' लागे आणि सारा गाव एका वाड्याच्या ओसरीवर जमे. संच कृष्णधवल होता, वीज नसली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडत. एकजण माळवदावर चढून अँटेना फिरवी आणि खालून आम्ही पोरे ओरडत असू, "आलं, आलं... गेलं!"

त्या संचात काचेची मोठी चित्रनलिका होती. तिच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटे आणि पडद्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या प्रस्फुरकाच्या लेपावर आदळे. जिथे आदळे तिथे लेप उजळे. हा झोत ओळीमागून ओळ इतक्या वेगाने फिरे की डोळ्यांना अखंड चित्र दिसे. झोताला फिरायला जागा हवी, म्हणून संच मागे फुगलेला असे. नलिकेत निर्वात पोकळी असल्याने काच जाड ठेवावी लागे. जड, मोठा आणि हजारो व्होल्टवर चालणारा असा तो संच होता.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स' या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध छापून आला. लेखक होते अमेरिकेतील रॉचेस्टर येथील कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतले चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक. विषय होता सेंद्रिय पदार्थापासून बनवलेला, प्रकाश देणारा डायोड. आज दुकानात 'ओएलईडी' म्हणून जो टीव्ही मिळतो त्याचे मूळ या निबंधात आहे.

रेणू उजळतो कसा?

'सेंद्रिय' म्हटले की आपल्याला शेणखत आठवते. इथे अर्थ वेगळा आहे. कार्बनच्या साखळ्या आणि कड्या असलेले रेणू ते सेंद्रिय रेणू. असे काही रेणू प्रकाश देतात, हे आपल्या स्वयंपाकघरातच दाखवता येते. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून निवळू द्या. वरचे पिवळे द्रावण अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. त्यातून हिरवट पिवळी चमक बाहेर पडेल. स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवावे आणि मुलांना दिव्याकडे थेट बघू देऊ नये.

हळदीतील कर्क्युमिन या रेणूने दिव्याची अतिनील ऊर्जा घेतली, त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर गेला आणि खाली परतताना त्याने ती ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपात परत केली. प्रश्न असा की, ही ऊर्जा दुसऱ्या प्रकाशाऐवजी थेट विजेने देता येईल का?

1950 च्या दशकात फ्रान्समधील नान्सी येथे आंद्रे बर्नानोज यांनी सेंद्रिय रंगद्रव्यांना विजेने उजळवून दाखवले होते. 1963 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून विजेने प्रकाश मिळवला. अँथ्रासीन हा डांबरापासून मिळणारा, बेंझीनच्या तीन कड्यांचा पदार्थ आहे. 1965 मध्ये हेल्फ्रिश आणि श्नायडर यांनी अशा स्फटिकात एका बाजूने इलेक्ट्रॉन व दुसऱ्या बाजूने विवरे सोडली आणि ती मध्ये भेटली की प्रकाश पडतो हे दाखवले. विवर म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा. ती धनभारासारखी वागते.

अडचण ही होती की, स्फटिकाची जाडी मोठी असल्याने शेकडो व्होल्ट लावावे लागत आणि प्रकाश मात्र अंधाऱ्या खोलीत जेमतेम दिसे. म्हणून हा विषय वीस वर्षे प्रयोगशाळेतला एक चमत्कार होऊन राहिला.

तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, स्फटिक सोडून त्यांनी निर्वातात बाष्प बसवून अतिशय पातळ थर तयार केले. दोन थर मिळून जाडी एक मायक्रॉनच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. माणसाचा केस 70 मायक्रॉनचा धरला तर हे थर केसाच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे. थर इतका पातळ की दहा व्होल्टमध्येच त्यात दर सेंटिमीटरला सात ते आठ लाख व्होल्ट इतके तीव्र विद्युतक्षेत्र तयार होते. शेकडो व्होल्टची गरजच संपली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यांनी एकाच पदार्थावर सगळे काम टाकले नाही. एक थर विवरे वाहून नेणारा, दुसरा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा आणि प्रकाशही देणारा. दोघांच्या सीमेजवळ इलेक्ट्रॉन आणि विवरे भेटतात व हिरवा प्रकाश पडतो. दोन थरांची ही युक्ती तांग यांनी आधी सौरघटासाठी वापरली होती. तो निबंध 1986 चा आहे. सौरघटात प्रकाशापासून वीज, इथे विजेपासून प्रकाश. एकाच वाटेवरची ये-जा म्हणा.

पुढे 1990 मध्ये केंब्रिज विद्यापीठात बरोज, ब्रॅडली, फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकापासूनही असा प्रकाश मिळवला. 1998 मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटांनी आणखी एक मोठी गळती थांबवली. इलेक्ट्रॉन आणि विवर यांच्या दर चार जोड्यांपैकी सरासरी एकच जोडी साध्या सेंद्रिय रेणूत प्रकाश देते. उरलेल्या तिघींची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनम किंवा इरिडियमसारखा जड अणू बसवला की त्या तीन जोड्याही प्रकाश देऊ लागतात.

पडदे आणि खिडक्या

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून जो मिळतो तो खरे तर द्रवस्फटिकाचा, म्हणजे एलसीडी संच असतो. त्याच्या मागे एलईडी दिवे असतात, एवढाच त्या नावाचा अर्थ. तो ओएलईडी नव्हे.

एलसीडी संच म्हणजे लाखो खिडक्यांची भिंत. मागे दिवा सतत पेटलेला आणि प्रत्येक खिडकीला द्रवस्फटिकाचा पडदा. उजेड हवा तिथे पडदा उघडायचा, अंधार हवा तिथे ओढायचा. पण कितीही घट्ट ओढला तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अशा संचावर अमावास्येची रात्र राखाडी दिसते. शिवाय मागच्या दिव्याचा बहुतेक प्रकाश वाटेतच शोषला जातो.

ओएलईडीत मागे दिवा नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा आहे. अंधार हवा तर तो विझतो, आणि विझलेला ठिपका खरोखरच काळा दिसतो. मागचा दिवा नसल्याने पडदा अतिशय पातळ होतो, वाकवताही येतो.

मग सगळे टीव्ही असेच का नाहीत?

बाजारातला रस्ता

पहिले व्यापारी उत्पादन 1997 मध्ये जपानच्या पायोनियर कंपनीचे. मोटारीतल्या ध्वनियंत्रणेचा तो छोटा दर्शक होता. 2003 मध्ये कोडॅकने असा पडदा असलेला कॅमेरा विकायला काढला. 2007 मध्ये सोनीचा जगातला पहिला ओएलईडी टीव्ही आला. पडदा अकरा इंचांचा, जाडी अवघी तीन मिलिमीटर आणि किंमत दोन लाख येन. तो फारसा खपला नाही.

अडचण आकाराची होती. लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे बसवण्यासाठी बारीक भोकांची धातूची जाळी काचेसमोर धरून त्यातून बाष्प सोडावे लागते. मोबाइलच्या आकारात हे जमते. पण जाळी मोठी झाली की मध्ये झोळ पडतो आणि ठिपके सरकतात. शिवाय हे थर पाण्याला फार भितात. त्यांच्यावरच्या आवरणातून दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा जास्त बाष्प शिरू द्यायचे नाही, असा दंडक आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर एक एकर रानात दिवसभरात चार मिलिग्रॅम पाणी, म्हणजे बारा-तेरा दिवसांत मिळून एक थेंब!

कोडॅककडे या विषयाचे मूळ ज्ञान आणि पेटंटे होती. पण फिल्मचा धंदा बसला होता. 2009 च्या अखेरीस तिने हा विभाग कोरियाच्या एलजी समूहाला सुमारे दहा कोटी डॉलरला विकला. एलजीने मोठ्या पडद्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तीन रंग वेगळे बसवण्याऐवजी सगळीकडे पांढरा प्रकाश देणारे थर द्यायचे आणि पुढे रंगीत गाळण्या लावायच्या. जाळीची गरजच उरली नाही. जानेवारी 2012 मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एलजीने 55 इंचांचा संच मांडला. त्याच महिन्यात कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. संच 2013 मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे दहा हजार डॉलर होती.

शोध कोडॅकच्या प्रयोगशाळेत लागला आणि टीव्हीचा बाजार कोरियाने उभा केला. पण केवळ हट्टाने कारखाना काढला म्हणजेही जमत नाही. सॅमसंगने त्याच सुमारास तीन रंग वेगळे बसवून मोठा संच केला आणि लवकरच तो सोडून दिला. 2022 मध्ये निळा प्रकाश आणि क्वांटम ठिपके अशी वेगळी जोडी घेऊन ती परतली. जपानमध्ये सोनी आणि पॅनासोनिकचे विभाग एकत्र करून 2015 मध्ये 'जेओलेड' ही कंपनी काढली गेली. शाईसारखे ठिपके छापण्याचे तंत्र तिने विकसित केले, पण मार्च 2023 मध्ये तिनेही दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्या शेजारची गोष्ट

ही उलथापालथ फक्त परदेशात झाली असे नाही. जालन्याहून तासाभराच्या अंतरावर, तेव्हाच्या औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. 1990 च्या दशकात मराठवाड्यातल्या अनेक घरांत पहिला रंगीत टीव्ही याच नावाचा आला आणि पंचक्रोशीतल्या कितीतरी मुलांना तिथे काम मिळाले.

2005 मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय सुमारे 24 कोटी युरोंना विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने मराठवाड्यातल्या एका उद्योगाच्या हाती आले. बातमी वाचून आमची छाती फुगली होती. पण 2007 च्या अखेरीसच जगात एलसीडी संचांची विक्री चित्रनलिकेच्या संचांपेक्षा जास्त झाली. जी वस्तू घेतली तिचेच युग दोन वर्षांत मावळू लागले. पुढे 2018 मध्ये व्हिडिओकॉन नादारीच्या प्रक्रियेत गेली. तिच्यावरच्या कर्जाला दूरसंचारासारखी इतरही कारणे होती; सगळा दोष चित्रनलिकेच्या माथी मारणे बरोबर नाही. तरी थॉमसनने तो व्यवसाय विकला आणि आपण घेतला, हा फरक विचार करण्याजोगा आहे. चित्रनलिका स्वस्त आहे, भारतात ती अजून बरीच वर्षे चालेल, हा हिशेब वेडा नव्हता. एलसीडीची किंमत किती वेगाने उतरेल, एवढेच त्यात धरले नव्हते.

आज परिस्थिती काय आहे? पुणे जिल्ह्यात रांजणगावला एलजीच्या कारखान्यात टीव्ही जुळवले जातात. पण संचाच्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा पॅनेलचा असतो, आणि एलजीची मोठी ओएलईडी पॅनेले कोरियातील पाजू व चीनमधील ग्वांगझू येथे बनतात. 2016 मध्ये वेदांत समूहाची नागपूरजवळ एलसीडी पॅनेलचा कारखाना काढण्याची योजना जाहीर झाली होती; तो उभा राहिला नाही.

पुढे काय?

जगात वर्षाला साधारण वीस कोटी टीव्ही विकले जातात. त्यांत ओएलईडी साठ-सत्तर लाख, म्हणजे शंभरात तीन-चार. मोबाइलमध्ये मात्र निम्म्याच्या आसपास पडदे ओएलईडीचे आहेत. तंत्र एकच, पण एका बाजारात ते जिंकले आणि दुसऱ्यात पाहुण्यासारखे राहिले.

याचे कारण प्रतिस्पर्ध्यातही आहे. एलसीडी जागेवर थांबली नाही. चीनमध्ये तिचे प्रचंड कारखाने झाले, किमती कोसळल्या. मागचा दिवा शेकडो छोट्या भागांत विभागून हवा तिथे मंद करण्याची युक्ती आली, त्यामुळे काळ्या रंगातही ती बरीच सुधारली. भारतात 55 इंचांचा साधा संच ओएलईडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांवरील संचांवरचा वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, पण तो दोघांनाही सारखाच लागू आहे. दोघांतले अंतर त्याने मिटत नाही.

दुसरे कारण निळ्या रंगाचे. लाल प्रकाशाच्या एका कणात सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, निळ्यात सुमारे 2.7. सेंद्रिय रेणूंतले काही कच्चे बंध तुटायला साधारण 3 पुरतात. म्हणजे निळा प्रकाश देणारा रेणू स्वतःच्या मरणाच्या उंबरठ्यावर काम करतो आणि लवकर झिजतो. एकच चित्र तासन्तास एका जागी राहिले तर तिथले ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि त्या चित्राची सावली पडद्यावर कायमची उमटते.

माझा अंदाज असा : पुढची काही वर्षे ओएलईडी टीव्ही महाग संचांचा राजा राहील, घराघरांतला संच होणार नाही. छपाईचे तंत्र स्वस्तात जमले किंवा टिकाऊ निळा रेणू मिळाला, तर हा अंदाज चुकेल. चुकला तर मला आनंदच होईल.

टिकाऊ निळा रेणू कोण शोधणार? हे काम रसायनशास्त्राचे आहे, आणि त्यासाठी हजारो कोटींचा कारखाना लागत नाही. आपल्याकडे चित्रनलिका बनवणाऱ्या सॅमटेल कंपनीच्या मदतीने आयआयटी कानपूरमध्ये दर्शक-तंत्रज्ञानाचे केंद्र उभे राहिले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात संजय ढोबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर काम केले आहे. ओएलईडीवरील त्यांचे पुस्तक 2017 मध्ये निघाले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची स्थापना 1933 ची, आणि रंगद्रव्यांचे शास्त्र हा तिचा जुना विषय आहे. या संस्थेचे मराठवाडा केंद्र 2018 मध्ये सुरू झाले, तेही जालन्यात. सळया आणि बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात आता रेणू घडवण्याचे शिक्षण मिळते. आपल्या शाळेतल्या मुलांना हे माहीत असायला हवे.

गुरुजींना काय सांगितले?

वर्गाला खिडक्या असतात, दिवसा भरपूर उजेड असतो. तिथे ओएलईडीचा गडद काळा रंग वाया जातो. वर्गात आपण पुस्तकाचे पान दाखवतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण पांढरा पडदा. तेव्हा सगळेच ठिपके एकदम पेटतात आणि ओएलईडी संच स्वतःला जपण्यासाठी तेज कमी करतो. एकच पान तासभर ठेवले, रोज तेच केले, की सावली उमटण्याचा धोका. रात्री अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्यासाठी तो उत्तम; शाळेसाठी साधा एलसीडी संच बरा.

गुरुजींनी तसाच घेतला. उरलेल्या पैशांत चार भिंगे, एक जांभळा दिवा आणि विज्ञानपेटीचे थोडे सामान आले. मी गावी गेलो तेव्हा मुलांनी दोन प्रयोग करून दाखवले. ते तुमच्या वर्गातही करता येतील. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवला की तो भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. दुसरा प्रयोग : खोलीत अंधार करून दोन-तीन मोबाइलांवर पूर्ण काळे चित्र लावायचे. एलसीडीचा पडदा अंधारातही मिणमिणतो, ओएलईडीचा दिसतच नाही.

सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, निळा रंग झिजतो, तर तो न झिजणारा कधी मिळणार?" मी तिला सांगितले, जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा तोच शोधत आहेत, आणि अजून कोणालाही तो हवा तसा सापडलेला नाही. तिने वहीत लिहून घेतले.